मोजून लिहिलेली तारीख

(विंझर, ता. राजगड – जुना वेल्हे, जि. पुणे येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मृतिव्याख्यानासाठी बोलावणे येणे हा मान आहे आणि जबाबदारीही. गावाच्या रोजच्या उपयोगाचे ज्ञान गावातच मिळावे, हा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या आठवणीसाठी आपण जमलो आहोत, असे संयोजकांनी मला सांगितले. म्हणून रोज आपल्या हातात येणारा विषय मी निवडला. खाण्याचा पदार्थ किती दिवस टिकतो हे कसे ठरवतात, पाकिटावरची मुदतीची तारीख येते कुठून आणि ती ठरवण्याचा अधिकार कुणाला, हे आज आपण पाहू.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. पाकिटावरची तारीख म्हणजे बनवणाऱ्याने खाणाऱ्याला दिलेला शब्द असतो. तो शब्द अंदाजाने देता येत नाही आणि दुसऱ्याच्या पाकिटावरून उतरवूनही घेता येत नाही. पदार्थ जिथे बनतो आणि जिथे विकला जातो, तिथल्या हवेत मोजूनच ती तारीख लिहावी लागते. विंझरमध्ये हे मोजमाप करता येण्यासारखे आहे आणि ते इथे सुरू व्हावे, ही माझी आजची मागणी आहे.

हा विषय विंझरमध्ये मांडण्याला कारण आहे. राजगड आणि तोरणा या दोन गडांच्या मुलखात आपण बसलो आहोत. पुणे जिल्ह्यातल्या सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांत या तालुक्याची गणना होते. जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की बंद डब्यातला पापडही सादळतो, पिठाला जाळी धरते आणि मिठाला पाणी सुटते. त्यामुळे पावसाळ्याची बेगमी ही इथल्या घराघरातली जुनी विद्या आहे. ती जशी घरात होती तशी राज्यकारभारातही होती. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना शिवछत्रपतींच्या कारभारातून गेलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली दाणा-वैरण आताच बेहिशेबी उधळलीत तर ऐन पावसात काही उरणार नाही आणि मग रयतेला त्रास होईल, असे त्यात बजावले आहे. जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील, इथवरची काळजी त्या पत्रात आहे. साठा किती आहे, किती दिवस पुरायचा आहे आणि कोणत्या धोक्याने नासू शकतो, हे तिन्ही प्रश्न तिथे एकत्र आलेले दिसतात. टिकाऊपणाच्या शास्त्राचा पायाही याच तीन प्रश्नांवर उभा आहे.

आपल्या आया-आज्यांनी या प्रश्नांची उत्तरे उन्हात आणि चुलीपाशी शोधली. चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे, पापड वाळवायचे. लोणच्याला मीठ सढळ हाताने घालायचे, वर तेलाचा थर ठेवायचा आणि बरणीत ओला हात जाऊ द्यायचा नाही. कैरीचा मुरंबा पाक नीट होईपर्यंत शिजवायचा. कडधान्याला ऊन दाखवायचे, कणगी शेणाने सारवून घ्यायची. या साऱ्या रीती वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे, तो म्हणजे पदार्थातल्या पाण्यावर.

१९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी दाखवून दिले की पदार्थात पाणी एकूण किती आहे यापेक्षा जंतूंना वापरता येईल असे मोकळे पाणी किती आहे, यावर त्याचे नासणे अवलंबून असते. पतपेढीत मुदत ठेवीत टाकलेला पैसा आपलाच असतो, पण आज बाजारात तो खर्च करता येत नाही. साखरेने किंवा मिठाने धरून ठेवलेल्या पाण्याचे तसेच असते. या मोकळ्या पाण्याला शास्त्रात जलक्रियता म्हणतात आणि ती शून्य ते एक या मापात मोजतात. दूध आणि ताजे मांस ०.९८ च्या आसपास असतात. बहुतेक जिवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते. विषबाधा करणारा स्टॅफिलोकोकस मात्र ०.८६ पर्यंतही वाढू शकतो. बुरशी आणखी खाली जाते आणि ०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. मध वर्षानुवर्षे नासत नाही त्याचे एक मोठे कारण हेच आहे. नीट वाळवलेल्या कुरडईतही तेच घडते. फरक एवढाच की कुरडई हवेतली ओल पुन्हा ओढून घेते आणि मग तिची जलक्रियता चढू लागते.

इथे महाराष्ट्राचेच एक उदाहरण सांगतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड झाले. पहिल्याच वर्षी पावसाने त्यांचे काम चार महिने बंद पाडले, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला, खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला आणि भर पावसात काम चालू ठेवले. या गोष्टीत मला एक फार महत्त्वाची गोष्ट दिसते. ऊन नाही म्हणून त्या बायकांनी ओलसर माल बाजारात पाठवला नाही. आधी काम थांबवले, मग वाळवण्याची नवी सोय उभी केली आणि मगच विक्री केली. पापड नीट वाळणे ही त्यांनी ग्राहकाला दिलेल्या शब्दाची अट मानली. पुढे या संस्थेचा जो विस्तार झाला, त्याच्या मुळाशी ही शिस्त आहे असे मी मानतो.

घरच्या पदार्थात आणि विकायच्या पदार्थात एक मूलभूत फरक आहे. घरात बनवणारी आणि खाणारी माणसे एकाच छताखाली राहतात. डबा उघडला, वास आला, तर घरातली बाई तो पदार्थ बाजूला काढते. तारीख लिहायची गरज पडत नाही, कारण नाक आणि जीभ हजर असतात. पाकीट नसरापूरच्या दुकानात, पुण्याच्या प्रदर्शनात किंवा कुरिअरने नागपूरला गेले की बनवणारीचे नाक तिथे पोचत नाही. तिच्या वतीने तिथे फक्त छापलेली तारीख असते. म्हणून त्या तारखेत तिचे सगळे ज्ञान आणि सगळा प्रामाणिकपणा उतरला पाहिजे.

आता पदार्थ नासतो म्हणजे नेमके काय होते ते पाहू. सगळे पदार्थ एकाच वाटेने नासत नाहीत, आणि टिकाऊपणाची चाचणी घेणाऱ्याला पहिला प्रश्न हाच सोडवावा लागतो: हा पदार्थ सर्वांत आधी कशाने हरणार आहे?

पनीर, ओला खवा, ओल्या नारळाची वडी हे पदार्थ जंतूंमुळे हरतात. त्यांची मुदत दिवसांत मोजायची आणि थंडाव्याची अट सोबत लिहायची. पापड, चिवडा, शेव हे पदार्थ जंतूंच्या कितीतरी आधी ओलीमुळे सादळून हरतात. ते खाल्ल्याने कुणी आजारी पडणार नाही, पण पैसे मोजलेल्या माणसाला कुरकुरीतपणा मिळाला नाही म्हणजे शब्द मोडला. शेंगदाण्याची चटणी, तिळाचे लाडू, तळलेले फरसाण हे खवटपणाने हरतात. तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो, आधी पेरॉक्साइडे तयार होतात आणि मग ती मोडून खवट वास देणारी द्रव्ये तयार होतात. उजेड आणि उष्णता या क्रियेला जोर देतात. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेले पारदर्शक पाकीट आतल्या कपाटातल्या पाकिटाच्या कितीतरी आधी खवट होते, हे तुम्ही पाहिले असेल. त्याचे कारण हे आहे.

धान्यांतही असाच फरक आहे. बाजरीत स्निग्धांश सुमारे पाच टक्के असतो. दाणा अखंड असेतोवर तो सुरक्षित राहतो. दळल्याबरोबर लायपेज नावाचे विकर त्या चरबीवर काम सुरू करते आणि आठवड्याभरात पीठ कडवट लागू लागते. तुमच्या डोंगरउतारावरची नाचणी या बाबतीत भाग्यवान आहे. तिच्यात स्निग्धांश दोन टक्क्यांच्या आत असतो आणि अखंड नाचणी नीट साठवली तर वर्षानुवर्षे टिकते. दुष्काळाचा आधार म्हणून लोकांनी तिला जपले ते याच गुणामुळे. नाचणीला मोड आणून सत्त्व करताना मात्र दाण्यातली विकरे जागी होतात. म्हणून मोड आलेली नाचणी नीट वाळवून भाजणे ही टिकाऊपणाची पायरी आहे. भाजण्याने चव येते आणि विकरेही निष्क्रिय होतात. भाजणी कमी पडली तर साध्या पिठासाठी धरलेली मुदत त्या सत्त्वाला लागू होत नाही.

भाताचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. भोर, वेल्हे, मुळशी, मावळचा आंबेमोहर आणि त्याच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी हे तुमच्या रोजच्या ओळखीचे तांदूळ. नवा तांदूळ चिकट होतो, जुना मोकळा होतो. म्हणजे मोकळा भात हवा असणाऱ्यासाठी तांदूळ मुरल्याने सुधारतो. पण आंबेमोहराचा जो वास आहे, तो प्रामुख्याने २-असिटिल-१-पायरोलिन या उडून जाणाऱ्या द्रव्याचा असतो आणि साठवणीत तो कमी होत जातो. पाकिटावर ‘सुवासिक आंबेमोहर’ असे लिहून विकायचे असेल, तर त्या पाकिटाची मुदत वासावर ठरली पाहिजे. किडा लागला नाही एवढ्याने भागणार नाही. आपण ग्राहकाला कशाचा शब्द देतो आहोत ते आधी ठरले, तरच तो किती दिवस पाळता येईल हे मोजता येते.

मोजण्याच्या रीती दोन आहेत. पहिली सरळ आहे. पदार्थ ज्या वेष्टनात विकणार त्याच वेष्टनात भरायचा, ज्या हवेत विकणार त्याच हवेत ठेवायचा आणि ठरलेल्या अंतराने पाकिटे उघडून तपासायची. एकाच दिवसाचा माल घेऊ नये. निदान तीन वेगवेगळ्या दिवशी केलेला माल घ्यावा, कारण हात, ऊन आणि कच्चा माल रोज सारखा नसतो. ओल किती, तेलाचे पेरॉक्साइड मूल्य किती, बुरशी आणि जंतूंची संख्या किती, हे प्रयोगशाळेत पाहायचे. चव, वास, कुरकुरीतपणा हे माणसांनी चाखून पाहायचे. चाखणाऱ्यांना कोणते पाकीट ताजे आणि कोणते जुने हे सांगायचे नाही. ज्या महिन्यात पदार्थ पहिल्यांदा नापास होतो, त्याच्या बऱ्याच अलीकडे तारीख ठेवायची. चौथ्या महिन्यात खवट लागला तर तीन महिन्यांपेक्षा जास्त लिहू नये.

दुसरी रीत घाईची आहे. वर्षभर थांबायला वेळ नसतो, म्हणून पदार्थ जास्त उष्णतेत आणि जास्त ओलीत ठेवून त्याचे म्हातारपण लवकर आणायचे. औषधांच्या चाचण्यांत ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रता ही परिस्थिती सहा महिने ठेवतात. अन्नपूरक गोळ्या-पुडींसाठीही अनेक कंपन्या हीच रीत वापरतात. हिशेबाचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की बिघाडाचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे २५ ऐवजी ४५ अंशांना ठेवले तर वेग चौपट आणि तीन महिन्यांची चाचणी वर्षाच्या बरोबरीची.

पण या नियमातच धोका आहे. प्रत्येक पदार्थाचा बिघाड दुपटीनेच वाढतो असे नाही. एखाद्या पदार्थात तो दर दहा अंशांना दीडपटच वाढत असेल, तर वीस अंशांत तो सव्वादोन पट होतो आणि तीन महिन्यांची चाचणी सात महिन्यांनाही पुरत नाही. त्यावर वर्षभराची तारीख छापली तर पाच महिन्यांहून अधिक काळ ती खोटी ठरते. शिवाय काही बिघाड उष्णतेने वेगवान होतच नाहीत. उष्ण कोरड्या पेटीत पापड सादळणार नाही, पण विंझरच्या श्रावणात सादळेल. म्हणून घाईच्या चाचणीवरून पहिली तारीख ठरवली, तरी सरळ चाचणी सोबत चालू ठेवावीच लागते आणि तिचे उत्तर वेगळे आले तर तारीख बदलावी लागते.

कायदा याबद्दल काय म्हणतो? अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे. त्याखालच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी उत्पादनाची किंवा पाकीटबंद केल्याची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ म्हणजे ‘यूज बाय’ तारीख लिहिणे बंधनकारक केले. ‘बेस्ट बिफोर’ लिहायचे असेल तर त्यासोबत जादा म्हणून लिहिता येते. या दोन तारखांचा अर्थ वेगळा आहे. ‘बेस्ट बिफोर’ उलटली तर पदार्थाचा उत्तम गुण उतरणीला लागला एवढेच समजायचे. तो खाण्यायोग्य असू शकतो. ‘एक्स्पायरी’ उलटली तर तो विकायचा नाही आणि खायचाही नाही. ऑक्टोबर २०२० पासून मिठाईच्या दुकानात सुट्या मिठाईच्या ट्रेसमोरही मुदत लिहिण्याचा आदेश आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले की माल ग्राहकाच्या हाती पडताना त्याचे किमान ३० टक्के आयुष्य किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. तुमच्यापैकी जे बचत गट ऑनलाइन विकू पाहतात, त्यांना हे आकडे आता रोजच्या धंद्यात लागणार आहेत.

या नियमांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पापड किती महिने, चटणी किती महिने, अशी यादी कायदा देत नाही. मुदत ठरवण्याची जबाबदारी तो बनवणाऱ्यावर टाकतो. इथेच आपल्याकडे मोठी चूक होते. मोठ्या कंपनीच्या पाकिटावर सहा महिने दिसतात, म्हणून आपणही सहा महिने छापतो. पण त्या कंपनीचे पाकीट ओल आणि प्राणवायू अडवणाऱ्या अनेक पदरांच्या लॅमिनेटचे असते, आत नायट्रोजन भरलेला असतो, भरणी कोरड्या हवेच्या खोलीत होते. आपले पाकीट साध्या पॉलिथिनचे असते. पॉलिथिन पाणी बऱ्यापैकी अडवते, पण प्राणवायू फारसा अडवत नाही. सीलिंग मशीनची पट्टी नीट तापली नाही तर तेही जमत नाही. पदार्थ तोच, कृती तीच, तरी वेष्टन बदलले की मुदत बदलते. उसनी तारीख छापणारी बाई वाईट हेतूने वागत नाही. तिला मोजायला कुणी शिकवलेले नसते. हे शिकवणे हे आम्हा अन्नशास्त्राच्या लोकांचे काम आहे.

आता अन्नपूरकांकडे वळतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, प्रथिनांच्या पावडरी, शेवग्याच्या पानांची पूड या वस्तू आता गावातही दिसतात. इथे प्रश्न जास्त अवघड आहे. चिवडा सादळला तर जीभ सांगते. गोळीतले क जीवनसत्त्व निम्मे उडाले तर कोणतीही जीभ सांगू शकत नाही. लेबलवर जेवढे लिहिले तेवढे सत्त्व मुदतीच्या शेवटच्या दिवशीही गोळीत असले पाहिजे, हे अन्नपूरकांच्या मुदतीचे मूळ तत्त्व आहे. म्हणून कंपन्या साठवणीत कमी होत जाणाऱ्या जीवनसत्त्वांचे प्रमाण सुरुवातीला थोडे जास्त ठेवतात. प्रोबायोटिक पुडीत तर जिवंत जंतू असतात आणि ते दिवसागणिक मरत असतात. लिहिलेली संख्या मुदत संपताना शिल्लक आहे का, हे मोजून पाहावे लागते.

शेवग्याची पूड करणाऱ्या गटांसाठी एक सूचना. पानातले बीटा कॅरोटीन उजेडाने आणि हवेने कमी होते. क जीवनसत्त्व वाळवतानाच बरेचसे जाते. पाने सावलीत वाळवा, पूड उजेड न शिरणाऱ्या पाकिटात भरा आणि जीवनसत्त्वांचा आकडा मोजल्याशिवाय लेबलवर घालू नका. पूड आरोग्यपूरक म्हणून विकायची ठरवली तर छोट्या उद्योगाच्या साध्या नोंदणीवर भागत नाही. २०१६ पासून या वस्तूंना वेगळे नियम आहेत आणि परवाना लागतो.

अमेरिकेत अन्नपूरकांवर मुदतीची तारीख छापण्याची केंद्रीय सक्तीच नाही. मात्र छापली तर तिच्यामागे चाचणीचा आधार असावा अशी अपेक्षा आहे. तिथे केंद्रीय कायद्याने तारखेची सक्ती फक्त तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीला केली आहे, कारण त्या बाळाला दुसरा आहार नसतो आणि सत्त्व कमी पडले तर त्याची वाढ खुंटते. आपला कायदा याहून कडक आहे. तो कागदावर कडक आणि व्यवहारात सैल राहू नये, ही जबाबदारी आपली.

आपल्या परंपरेतही हा विचार स्पष्टपणे झालेला आहे. शार्ङ्गधर संहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात औषधांचे वीर्य, म्हणजे गुणशक्ती, किती काळ टिकते याचा हिशेब दिला आहे. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते, गुटिका (गोळी) आणि अवलेह (चाटण) वर्षानंतर. आसवे आणि रसौषधी मात्र जुनी झाल्याने अधिक गुणी होतात. यात नुसती परंपरा नाही, निरीक्षण आहे. चूर्णाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून हवा आणि ओल त्याला लवकर पकडते. गुटिकेचा लहान, म्हणून ती जास्त टिकते. आसवातले मद्य त्याला नासू देत नाही. औषधाचे रूप बदलले की मुदत बदलते, हे त्या वैद्यांना समजले होते.

एका बाबतीत मात्र तारखेवर भरवसा ठेवू नये. कच्चा मालच सदोष असेल तर कोणतीही तारीख त्याला शुद्ध करू शकत नाही. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसाने मक्याची कणसे भिजली, त्यांवर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढली आणि तिचे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष मक्यात उतरले. तो मका खाल्लेल्या आदिवासी कुटुंबांत काविळीची साथ आली आणि १०६ माणसे दगावली. ते विष शिजवण्याने नीट नष्ट होत नाही. म्हणून बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका निवडून, झटकून चटणीत वापरण्याची सवय सोडा. तो माल फेकण्याचा तोटा सोसावाच लागतो.

आता विंझरमध्ये करता येण्यासारख्या कामाबद्दल सांगतो. या कामासाठी कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही. रसायनशास्त्राची एक साधी गोष्ट आपल्या मदतीला आहे. घट्ट झाकणाच्या बरणीत तळाला साधे मीठ घालून त्यावर थोडेच पाणी ओतले, मीठ विरघळून खाली काही उरेल इतके, तर बरणीतल्या हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिर राहते. औषध कंपन्या लाखो रुपयांच्या पेटीत जी आर्द्रता राखतात, ती मिठाच्या बरणीत मिळते. त्या बरणीत जाळीवर पापडाचे सीलबंद पाकीट ठेवा. दर आठवड्याला अचूक तराजूवर त्याचे वजन करा. वजन वाढले म्हणजे पाकिटात ओल शिरली. दोन वेगवेगळ्या वेष्टनांची पाकिटे शेजारी ठेवली तर कोणते वेष्टन पैसे वसूल करून देते ते महिन्याभरात कळेल.

हे काम इथल्या अमृतेश्वर महाविद्यालयाच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. त्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात आणि गटांना आकडे हवे असतात. जंतूंची आणि अफ्लाटॉक्सिनची तपासणी मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करून घ्यावी. पाच-सहा गटांनी मिळून नमुने पाठवले तर खर्च वाटला जातो. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र प्रकल्पखर्चावर ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आणि बचत गटाच्या सभासदाला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल ठेवले होते. अशा मदतीचा अर्ज करताना भट्टी आणि दळणयंत्रासोबत ओल मोजणारे यंत्र आणि चांगले सीलिंग मशीन मागा. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी या परिसरात बायकांचे बचत गट उभे करण्याचे काम दीर्घकाळ केले आहे. गटात हिशेबाची वही ठेवण्याची सवय आधीच आहे. त्याच शिस्तीने टिकाऊपणाची वही ठेवायची आहे.

त्या वहीत काय लिहावे? माल केल्याची तारीख, कच्चा माल कुठून आला, किती वेळ वाळवला किंवा भाजला, कोणते वेष्टन, लॉटचा म्हणजे एका वेळी केलेल्या मालाचा क्रमांक. प्रत्येक लॉटची काही पाकिटे विकायची नाहीत. ती तारखेप्रमाणे फळीवर ठेवायची, छापलेल्या मुदतीनंतरही काही आठवडे. दर महिन्याला एक उघडायचे, गटातल्या बायकांनी चाखायचे, आणि जे वाटले ते लिहायचे. पावसाळ्यातली पाने आणि उन्हाळ्यातली पाने शेजारी ठेवून वाचलीत की तुमच्या पदार्थाचा स्वभाव तुम्हाला कळेल. कदाचित उन्हाळ्यात केलेल्या मालाला चार महिने आणि आषाढात केलेल्या मालाला दोनच महिने लिहावे लागतील. तसे लिहा. ग्राहक कमी मुदतीला नाराज होत नाही. खवट मालाला होतो आणि परत येत नाही.

दुकानदार बंधूंना माझी विनंती आहे. जुना माल पुढे आणि नवा मागे ठेवा, तेलकट पदार्थ उन्हात टांगू नका, तारीख उलटलेल्या मालावर नवे स्टिकर लावणाऱ्याला दारात उभे करू नका. असे स्टिकर लावणे हा गुन्हा आहे. ग्राहकांनीही तारखेखालची ओळ वाचावी. ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ ही त्या शब्दाची अट असते. पाकीट फोडून उघडे टाकले की छापलेली तारीख संपली, असे समजा. आणि ‘बेस्ट बिफोर’ कालच उलटली म्हणून चांगली नाचणी किंवा चांगला तांदूळ उकिरड्यावर टाकू नका. अन्न पिकवायला किती घाम लागतो ते या खोऱ्याला सांगण्याची गरज नाही.

महाविद्यालयाने आणि गटांनी मिळून येत्या पावसाळ्यापूर्वी मिठाच्या बरण्या मांडाव्यात, तीन पदार्थ निवडावेत आणि पहिली वही उघडावी, अशी माझी विनंती आहे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत वक्ता बाहेरून बोलावू नका. या गावातल्या बायकांनी व्यासपीठावर यावे, आपल्या वहीतले आकडे वाचून दाखवावेत आणि आपल्या पाकिटावरची तारीख कशी ठरवली ते आम्हा प्राध्यापकांना सांगावे.